भाऊ, तुमचं रगत कोणतं?

परळच्या टाटा रुग्णालयाच्या आजूबाजूच्या फुटपाथवरून रोज जाणाऱ्या माणसाला खाली बघून चालायची सवय लागते. मलाही लागली होती. माझं ऑफिस भोईवाड्याच्या अलीकडे. ताडपत्रीच्या आडोशाला मांडलेले संसार, भिंतीच्या खिळ्याला टांगलेल्या एक्स-रेच्या पिशव्या, केस गेलेली आणि तोंडाला मास्क लावलेली लेकरं, हे सगळं अकरा वर्षं माझ्या वाटेवर होतं. एकाचंही गाव मी कधी विचारलं नव्हतं.

गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटी संध्याकाळी टपरीवर चहा घेत उभा होतो. धोतर, टोपी, खांद्यावर टॉवेल असे एक आजोबा टपरीवरच्या प्रत्येकाजवळ जात होते, काहीतरी विचारत होते आणि मान हलवून पुढे सरकत होते. पैसे मागत असावेत असं वाटून मी खिशात हात घातला. जवळ येऊन ते म्हणाले, “भाऊ, तुमचं रगत कोणतं हाय?”

बी पॉझिटिव्ह, मी म्हणालो. त्यांनी माझं मनगट धरलं. अगदी घट्ट, गर्दीत मुलाचं धरतात तसं.

परभणीजवळच्या खेड्यातून ते देवगिरी एक्स्प्रेसने आले होते. नऊ वर्षांचा नातू, रक्ताचा कॅन्सर. किमो सुरू झाल्यावर पेशी उतरल्या होत्या. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलीटर रक्तात दीड ते चार लाख प्लेटलेट असतात, त्या पोराच्या आठ हजारांवर आल्या होत्या. मुलाचा बाप त्याच्या उशाशी बसलेला, आणि आजोबा सकाळपासून रस्त्यावर रक्तगट विचारत फिरत होते. “कितीक जणांनी हात झाडला,” ते म्हणाले, तक्रार न करता.

प्लेटलेट देणं हे नेहमीच्या रक्तदानासारखं दहा मिनिटांत उरकत नाही. आधी फॉर्म, मग बोटातून थेंब, मग प्रश्न: तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतली का, रात्री झोप झाली का, जेवलात का. दंडाच्या शिरेत सुई लागली की रक्त यंत्रात जातं, तिथे गरगर फिरून त्यातल्या प्लेटलेट वेगळ्या निघतात आणि उरलेलं रक्त परत आपल्या अंगात येतं. असे फेरे तास-दीड तास चालतात. रक्त गोठू नये म्हणून त्यात जे औषध मिसळतात ते शरीरातलं कॅल्शियम धरून ठेवतं, त्यामुळे ओठांना मुंग्या येतात. हे मला शेजारच्या खुर्चीवरच्या पोराने आधीच सांगून ठेवलं होतं. “होंठ में झुनझुनी आयेगी अंकल, तो बोल देना, गोली देते हैं.”

पंचविशीचा असेल. पायाशी हेल्मेट आणि घरोघरी जेवण पोचवायची ती चौकोनी मोठी पिशवी. राहायला गोवंडीला. सरावल्या हाताने रबराचा चेंडू दाबत होता. दर दोन महिन्यांनी येतो म्हणाला. तीन वर्षांपूर्वी त्याची आई इथे होती. “दो लोगों ने दिया था उस टाइम. एक का तो मुँह भी नहीं देखा.” आई वाचली का, हे मी विचारलं नाही. थोड्या वेळाने त्यानेच सांगितलं, नाही वाचली.

काम संपल्यावर तंत्रज्ञ मुलीने माझी पिशवी दिव्यासमोर धरून हलकेच तिरकी केली. मला वाटत होतं लाल काहीतरी दिसेल. आत पिवळट पाणी होतं, उसाच्या रसात थोडी हळद पडावी तसं, आणि ते हललं तेव्हा त्यातून धुरासारखी एक चमकदार लाट फिरत गेली. “ही अशी लाट दिसली म्हणजे पेशी चांगल्या आहेत,” ती म्हणाली. बेचाळीस वर्षं माझ्या अंगात हे फिरत होतं आणि मी ते पहिल्यांदा पाहत होतो.

ही पिशवी फ्रीजमध्ये ठेवून चालत नाही. २० ते २४ अंशांत, सतत डुलत राहणाऱ्या फळीवर ठेवावी लागते, आणि साधारण पाच दिवसांत वापरावी लागते. रक्तातल्या लाल पेशी निदान ३५ दिवस टिकतात. म्हणून प्लेटलेटचा साठा असा होतच नाही. या आठवड्यात लागणाऱ्या प्लेटलेट याच आठवड्यात कुणीतरी द्याव्या लागतात. आणि एप्रिल-मे असा की कॉलेजं बंद, शिबिरं बंद, अर्धी मुंबई गावाला. नेमका तेव्हा गाव सोडून आलेला माणूस इथल्या फुटपाथवर दाता शोधत असतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणं बंद झालं. ते योग्यच झालं, गरिबाच्या शिरेतून चालणारा तो धंदा होता. पण त्याची जागा स्वेच्छेने देणाऱ्यांनी जेवढी भरायला हवी होती तेवढी भरली नाही, आणि राहिलेला भार नातेवाइकांवर पडला. ‘तुमचा दाता तुम्ही आणा.’ ज्याचा भाऊ चेंबूरला आणि मेहुणा विरारला आहे त्याला हे जमतं. परभणीच्या आजोबांनी परळमध्ये कुणाला आणायचं? मला हा अन्याय वाटतो. आजारी मुलाच्या आजोबावर रस्त्यावर रक्तगट विचारत फिरायची वेळ येऊच नये, आणि ती येते याचं कारण आपण आहोत, टपरीवर चहा पिणारे, बी पॉझिटिव्ह असलेले.

दाता शोधणं किती अवघड होऊ शकतं, याचं टोकाचं उदाहरण याच मुंबईच्या नावाने ओळखलं जातं. डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली ज्या रक्तगटाची नोंद केली, तो जगभर ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणून ओळखला जातो. नेहमीच्या चाचणीत हा माणूस ओ गटाचाच वाटतो. आयुष्यभर कागदावर ओ लिहून वावरतो. पण ओ गटाच्या रक्तात जो एच नावाचा घटक असतो तोच याच्यात नसतो, त्यामुळे ओ रक्तही त्याला चालत नाही. त्याला फक्त त्याच्याच गटाचं रक्त लागतं, आणि भारतात असा माणूस अंदाजे दहा हजारांत एक. गाठ पडली तर अशी पडते: एक जण ऑपरेशनच्या टेबलावर, दुसरा कुठल्या तरी लोकलमध्ये दांडीला लटकलेला, सख्ख्या नातलगाकडे नसलेलं रक्त त्याच्याकडे. मधे कुणीतरी फोन करणारं असावं लागतं, एवढंच.

त्या संध्याकाळी आजोबांनी माझा नंबर घेतला. त्यांना लिहिता येत नव्हतं, म्हणून टपरीवाल्याने त्यांच्या फोनमध्ये तो भरला. नाव काय टाकू, त्याने विचारलं. आजोबा म्हणाले, “बी पाझिटिव, परळ.” माझं नाव त्यांनी विचारलं नाही. मीही त्यांचं विचारलं नव्हतं. माझ्याकडे ते ‘परभणी आजोबा’ म्हणून आहेत. नातवाला मी एकदाच पाहिलं, काचेच्या दाराआडून. कॅरमची लाल सोंगटी मुठीत घेऊन झोपला होता.

वर्षभरात मी सहा वेळा जाऊन आलो. गोवंडीचा मुलगा त्यात दोनदा भेटला. दुसऱ्या वेळी त्याने स्वतःहून चहाचे पैसे दिले आणि मला खिशात हात घालू दिला नाही.

परवा रात्री साडेनऊला फोन वाजला. स्क्रीनवर परभणी आजोबा. नंबर पाहून पोटात गोळा आला.

“भाऊ, गावाहून बोलतोय. लेकरू बरं हाय, जूनात तपासायला आणायचंय. पण एक चूक झाली माझी. मागल्या खेपेला दादरच्या गाडगेबाबांच्या धर्मशाळेत आमच्या बाजूला लातूरची बाई होती, तिच्या पोरीला बी पाझिटिवच लागतं. तिला तुमचा नंबर देऊन बसलो. तुम्हाला इचारलं न्हाई. राग मानू नका.”

बाईचा फोन अजून आलेला नाही. आज गुरुवार. डोकं दुखतंय, पण गोळी घेतलेली नाही.