काचेच्या पेटीतील संथ बाग

पुण्यातील अनेक घरांत काचेच्या पेटीत मासे पाळले जातात. पेटी घरी आली की मुलांना घाई होते ती हिरवळीची. आठपंधरा दिवसांत सारी पेटी वनस्पतींनी भरून जावी, असे त्यांना वाटते. ही हौस स्वाभाविक आहे. परंतु केवळ वाढीचा वेग पाहून वनस्पती निवडणे शहाणपणाचे नाही.

काही वनस्पती मातीत न रुजता झाडाच्या किंवा खडकाच्या आधाराने वाढतात. झाडावर अशा रीतीने राहणाऱ्या वनस्पतींना अपिवनस्पती म्हणतात. सह्याद्रीत आंब्याजांभळांच्या फांद्यांवर फुलणारी आमरी याच वर्गातील. बांडगूळ झाडाचा रस शोषते. आमरी फक्त आसरा घेते. पश्चिम आफ्रिकेतील अनुबियास आणि आशियातील जावा नेचा हेही ओढ्याकाठच्या खडकांना व ओंडक्यांना असेच बिलगून राहतात. त्यांचे आल्यासारखे आडवे खोड वाळूत पुरले, तर ते कुजते. म्हणून ते दोऱ्याने दगडाला अलगद बांधावे. पुढे मुळेच दगड धरून ठेवतात. त्यांना मंद प्रकाश पुरतो. अनुबियासाला नवे पान सावकाश येते; पण आलेले पान दीर्घकाळ टिकते.

यावर कोणी म्हणेल, की शीघ्र वाढणाऱ्या वनस्पती माशांच्या विष्ठेतून पाण्यात मिसळणारी द्रव्ये लवकर शोषतात व शेवाळाला आळा घालतात. हे खरे आहे. संथ वनस्पतींच्या पानांवर शेवाळ सहज चढते. यासाठी दिवा बेताचा लावावा, मासे मोजकेच ठेवावेत आणि थोडे थोडे पाणी नियमाने बदलावे. शीघ्र वनस्पती मात्र वारंवार छाटाव्या लागतात, आणि ती छाटणी टाकावयाची कोठे, हा खरा प्रश्न आहे.

याचे उत्तर पुण्याच्या नदीतच दिसते. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतील. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती शोभेसाठी भारतात आणली गेली. आज सांडपाण्यावर पोसलेली हीच जलपर्णी मुळा-मुठेचे पात्र झाकून टाकते. तिच्याखालील पाण्यात प्रकाश पोहोचत नाही, प्राणवायू घटतो आणि जलचर गुदमरतात. ती काढण्यासाठी महापालिकेला पुन्हा पुन्हा यंत्रे व माणसे लावावी लागतात.

म्हणून पेटीतील एकही काडी ओढ्यात वा नदीत टाकू नये. ती पुरती वाळवून खतात घालावी. नव्याने पेटी मांडणाऱ्या मुलांनी तर संथ वनस्पतींपासूनच आरंभ करावा. शोभा घरात आणणे सोपे असते. ती घराबाहेर उपद्रव होणार नाही, हे पाहणे हेही त्या हौसेचेच काम आहे.