चव नाकाची, हिशेब यकृताचा

व्हिस्कीची चव ‘कळू’ लागली की माणूस पेग मोजणे सोडून बाटल्या निवडू लागतो. गोव्याची पॉल जॉन घ्यावी, बंगळुरूची अमृत की स्कॉटलंडच्या आयला बेटावरची धुरकट व्हिस्की? ही रसिकता खोटी नाही. आयलाचा तो वास पीटच्या धुरावर वाळवलेल्या बार्लीतून येतो आणि तो जिभेपेक्षा नाकाला अधिक कळतो. बाटलीवरच्या वयाला मात्र फार भुलू नये. आपल्याकडच्या उष्ण हवेत पिंपातली व्हिस्की स्कॉटलंडपेक्षा लवकर मुरते. म्हणून कमी वयाची व्हिस्कीही उत्तम असू शकते.

पण निवड कितीही चोखंदळ असली, तरी यकृताला लेबल वाचता येत नाही. ४२.८ टक्के अल्कोहोल असलेल्या ३० मिलिलिटरच्या पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. बाटली पाचशेची असो वा पंधरा हजारांची. शरीरात त्याचे अ‍ॅसिटाल्डिहाइड बनते आणि ते पेशींतील डीएनएला इजा करते. अल्कोहोलमुळे यकृत, अन्ननलिका, स्तन यांसह अनेक कर्करोगांचा धोका वाढतो. सुरक्षित म्हणावी अशी मात्राच नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले.

म्हणून खऱ्या रसिकाने प्रमाणही तितक्याच चोखंदळपणे निवडावे. वास घ्यायला पंधरा मिलिलिटर आणि थोडे पाणी पुरते. आणि जो पीत नाही, त्याने केवळ रसिक म्हणवून घेण्यासाठी सुरुवात करू नये.