गाठ साधी, जागा नाजूक

‘मेंदूत गाठ आहे’ एवढे शब्द कानावर पडताच घरातल्यांच्या तोंडचे पाणी पळते. गाठ म्हणजे कर्करोगच, अशी बहुतेकांची समजूत असते. ती नेहमीच खरी नसते.

कवटीच्या आत मेंदूभोवती तीन पदरांचे आवरण असते. त्यातील मधल्या पदराच्या पेशींपासून होणाऱ्या गाठीला ‘मेनिंजिओमा’ म्हणतात. ही गाठ बहुधा मेंदूत शिरत नाही, बाहेरून त्याला दाबते. दहापैकी सुमारे आठ गाठी साध्या असतात आणि वर्षानुवर्षे सावकाश वाढतात. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये त्या अधिक आढळतात.

मग धोका कशाचा? कवटी हाडाची; तिच्या आत गाठीला वाढायला मोकळी जागा नसते. दाब कुठे पडतो, त्यावर लक्षणे ठरतात. एखाद्याच्या हातापायातील शक्ती कमी होते, कुणाला फिट येते, कुणाची नजर अधू होते किंवा वास येईनासा होतो. काहींचा स्वभाव बदलतो, विसराळूपणा वाढतो. हे सारे ‘वयोमानाने होते’ म्हणून सोडून देऊ नये. मोठेपणी प्रथमच फिट आली किंवा डोकेदुखी वाढतच चालली, तर डॉक्टरांना दाखवावे.

एमआरआय तपासणीत गाठ दिसते. ती लहान असेल आणि त्रास नसेल, तर पुष्कळदा शस्त्रक्रिया न करता ठरावीक काळाने तपासणी केली जाते. गाठ वाढत असेल किंवा त्रास देत असेल, तर ती काढतात. नाजूक जागी पूर्ण काढता न आल्यास किरणोपचार करतात. डोक्याला पूर्वी किरणोपचार झाले असल्यास किंवा संप्रेरकांच्या गोळ्या, इंजेक्शने दीर्घकाळ घेतली असल्यास डॉक्टरांना जरूर सांगावे.

अमेरिकेचे जनरल लेनर्ड वुड यांची अशी गाठ डॉ. हार्वे कुशिंग यांनी १९१० साली काढली. वुड त्याच वर्षी लष्करप्रमुख झाले. पुढे १९२२ साली कुशिंग यांनीच ‘मेनिंजिओमा’ हे नाव दिले. परंतु वुड यांची गाठ पुन्हा वाढली आणि १९२७ साली कुशिंग यांनी केलेल्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा एमआरआय नव्हता. आज गाठीची वाढ वेळीच कळू शकते.

म्हणून गाठ काढल्यावरही डॉक्टरांनी दिलेली तपासणीची तारीख चुकवू नये. एमआरआयच्या जुन्या फिल्म जपून ठेवाव्यात. नव्या फिल्मशी ताडून पाहिल्यावरच गाठ वाढली की नाही, हे डॉक्टरांना नीट सांगता येते.