उन्हाच्या सुरकुत्या आणि सुईचा धंदा

बोटॉक्स हे औषध आहे, फेशियल नव्हे. हे ठणकावून सांगावं लागतं, कारण आमच्या ओळखीच्या एका काकूंना मुलीच्या लग्नाआधी एका पार्लरमध्ये ‘एक सुई घ्या, दहा वर्षांनी लहान दिसाल’ म्हणून गळ घातली गेली. काकूंचं आयुष्य महागाव तालुक्यातल्या वावरात निंदणात आणि कापूस वेचण्यात गेलं. गालांवर वांग, कातडी राठ, आणि डोळ्यांखालपासून हनुवटीपर्यंत बारीक रेषांचं जाळं. त्या हसोत की गप्प बसोत, जाळं तसंच राहतं. या चेहऱ्याला सुई विकणं ही सरळसरळ फसवणूक आहे.

हे इंजेक्शन करतं काय? नसेकडून स्नायूला मिळणारा आदेश अडवतं, म्हणून स्नायू ढिला पडतो. अमेरिकेत त्याला १९८९ साली मंजुरी मिळाली ती तिरळेपणा आणि पापण्यांच्या आकडीसाठी. भुवयांमधल्या आठ्यांसाठी मिळाली २००२ साली. तेव्हा आरशासमोर उभं राहा आणि भुवया आक्रसून बघा. आठी पडली आणि चेहरा सैल सोडताच गेली, तर सुईचा उपयोग आहे. कपाळाच्या आडव्या रेषा, हसताना डोळ्यांच्या कडेला पडणाऱ्या चुण्या, इथेही तिचं काम चोख. असर काही दिवसांत दिसू लागतो, साधारण दोन आठवड्यांत पुरता येतो आणि तीन-चार महिन्यांत ओसरतो. मग पुन्हा खिशात हात!

उन्हाने पडलेल्या सुरकुतीत स्नायूचा काय दोष? तिथे अतिनील किरणांनी कातडीतलं कोलॅजन मोडलेलं असतं. त्याला रोजचं सनस्क्रीन, डोक्यावरून चेहऱ्यापर्यंत घेतलेला दुपट्टा, आणि डॉक्टरांनी लिहून दिलं तर रात्री ट्रेटिनॉइन. हे मलम गरोदरपणात लावायचं नाही, आणि महिनोन्‌महिने धीर धरावा लागतो. पील आणि लेसरही आहेत, पण आपल्या सावळ्या कातडीवर हात चुकला तर काळे डाग मागे राहतात. गाल खोल गेले असतील तर फिलर. तो चुकून रक्तवाहिनीत गेला तर डोळा कायमचा जाऊ शकतो. लोंबलेल्या कातडीला यातलं फारसं काही पुरत नाही, तिथे शस्त्रक्रियेचाच विचार करावा लागतो.

आणि वांगावर लावायला मैत्रिणीने सुचवलेली ती ‘गोरेपणाची ट्यूब’! तिच्यात बहुतेकदा स्टेरॉइड असतं. पहिले काही दिवस चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, लव वाढते. ट्यूब बंद केली की आग आग. २०१८ मध्ये सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. तरी ती बिनचिठ्ठीची मिळतात, याची मला चीड येते.

बोटॉक्सची सुई चुकीच्या जागी गेली तर पापणी कित्येक आठवडे लोंबत राहते. गरोदर बाईने ती घेऊच नये, स्नायूंच्या दुबळेपणाचा आजार असणाऱ्याने तर नाहीच. म्हणून बायांनो, सुई घेण्याआधी कुपी हातात मागा. बॅच नंबर आणि मुदत वाचा, ती थंड ठेवली होती का ते विचारा, टोचणाऱ्याचा डॉक्टरकीचा नोंदणी क्रमांक विचारा. उत्तर द्यायला कोणी कुरकुरलं तर तिथून उठा. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोग विभाग आहे. आधी तिथे चेहरा दाखवा, पैसे नंतर मोजा.