‘मोठं झाल्यावर बघू’ म्हणू नका

बाळाचा एक डोळा अगदी लहान निघाला, किंवा पापणीखाली डोळाच नसला, की घरात पहिला प्रश्न आईला विचारतात, ‘ग्रहणात काय चिरलंस?’ हा प्रश्न आधी बंद करा. डोळा गर्भाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात आकार घेतो. पुष्कळदा तोवर आईला दिवस गेल्याचेही कळलेले नसते. कारण अनेकदा जनुकांत असते, कधी गरोदरपणातल्या रुबेलासारख्या संसर्गात. ग्रहणाचा आणि आईच्या विळीचा काही संबंध नाही.

दुसरे वाक्य त्याहून घातक, ‘मोठं झाल्यावर बघू.’ नर्स असताना ते वॉर्डात ऐकले, आता वस्त्यांत ऐकते. मुलगी असेल तर, ‘लग्नाच्या वेळी खोटा डोळा बसवू.’ पण तेव्हा बसवायला पुरेशी जागाच नसते. बाळाचा डोळा वाढतो म्हणून भोवतालचे हाड आणि पापण्या वाढतात. डोळा नसेल तर खोबण लहान राहते, चेहऱ्याची ती बाजू मागे पडते. पहिल्या काही वर्षांत चुकलेली ही वाढ पुढे भरून काढणे फार अवघड.

म्हणून उपचार पहिल्या काही आठवड्यांतच सुरू व्हावेत. खोबणीत कन्फॉर्मर नावाचा गुळगुळीत साचा बसवतात आणि दर काही आठवड्यांनी तो बदलून मोठा घालतात. तेवढ्याने भागले नाही तर शस्त्रक्रिया होते. आत ओलावा शोषून फुगणारा गोळा ठेवतात, किंवा बाळाच्याच कुल्ल्यावरची चरबी लावतात. ती बाळाबरोबर वाढते. शेवटी खोटा डोळा बसतो. यातून नजर येत नाही, हे आईवडिलांना स्पष्ट सांगायला हवे. लहान डोळ्याला उजेड कळत असेल तर तो काढण्याची घाई नको. दुसऱ्या डोळ्याची, कानांची, मेंदूचीही तपासणी मागून घ्या.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. आशाताईंना सांगा, जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी मागा.

सरकारकडेही एक मागणी आहे. केवळ ऑपरेशनचा खर्च देऊन भागणार नाही. साचा बदलायला प्रत्येक वेळी शहर गाठावे लागते, त्या दिवसाची मजुरी बुडते. तिथेच आपली माणसे उपचार सोडतात. साच्यांचा आणि प्रवासाचा खर्चही योजनेत धरा. हा नटण्यामुरडण्याचा खर्च नाही, मुलाने मान वर करून शाळेत बसण्याचा आहे.