ट्रक भाड्याचा, तर धूर कुणाचा?

भिवंडीच्या गोदामातून २० टन माल घेऊन एक ट्रक समृद्धी महामार्गाने नागपूरला जातो. अंतर सुमारे ७०० किलोमीटर. लिटरला साडेतीन किलोमीटर धरले तर २०० लिटर डिझेल लागतं. एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे या फेरीचे ५४० किलो. हिशेब सोपा आहे. तो कुणाच्या नावावर मांडायचा, इथे खरी गोम आहे.

ट्रक वाहतूक कंपनीचा स्वतःचा असेल तर हे उत्सर्जन 'स्कोप १' मध्ये, म्हणजे थेट तिच्या खात्यात जातं. भाड्याचा असेल तर 'स्कोप ३' मध्ये. सेबीच्या नियमानुसार शेअर बाजारातल्या पहिल्या १,००० कंपन्यांना २०२२-२३ पासून शाश्वततेचा अहवाल द्यावा लागतो. त्यात स्कोप १ आणि २ सक्तीचे, स्कोप ३ ऐच्छिक. त्यामुळे स्वतःचे ट्रक विकून तेच काम भाड्याच्या ट्रकवर दिलं, तरी सक्तीचा आकडा उतरतो. धूर मात्र तेवढाच!

म्हणून एक टन माल एक किलोमीटर नेताना किती उत्सर्जन झालं, हे पाहणं जास्त प्रामाणिक. वरच्या फेरीत ते सुमारे ३९ ग्रॅम आहे. परतीचं भाडं मिळालं नाही तर रिकाम्या फेरीचं डिझेलही त्याच मालावर चढतं. २०२३ मध्ये आलेलं 'आयएसओ १४०८३' हे मानक रिकाम्या फेऱ्याही मोजायला लावतं, मग ट्रक कुणाचाही असो.

ई-ट्रकचे फोटो अहवालात छान दिसतात. पण परतीचा माल मिळवणं आणि लांब पल्ल्याचा माल रेल्वेवर चढवणं आजही शक्य आहे. त्यासाठी आधी छोट्या ट्रकमालकांकडून डिझेलचा हिशेब मागावा लागेल, आणि तो ठेवण्याचा खर्च त्यांच्याच भाड्यातून कापला जाणार नाही, हेही पाहावं लागेल.