सागवानाचं जहाज आणि आमची बंडी

मागच्या आठवड्यात वलगावला जाऊन आलो. घरात पाय ठेवला आणि लक्षात आलं, काहीतरी बिनसलंय. बाबा ओसरीवर, पुतण्या मागच्या शेडमध्ये, आणि दोघांत बोलणं बंद! कारण काय, तर पुतण्याला लाकडावर नक्षी कोरणारं, कॉम्प्युटरवर चालणारं मशीन घ्यायचंय. कर्ज काढून. बाबांचं म्हणणं एकच, "हातात कसब असल्यावर मशीन कायले पायजे?"

खरं सांगतो, आधी फोनवर मी बाबांचीच बाजू घेतली होती. आता माझं मत बदललंय, आणि ते बदललं एका जहाजामुळे. हसू नका! वलगाव कुठे आणि समुद्र कुठे, हे मलाही कळतं. पण ऐका तर.

माझा मावसभाऊ इंग्लंडमध्ये असतो. त्याने हार्टलपूलच्या बंदरातल्या एका जुन्या लढाऊ जहाजाचे फोटो पाठवले. नाव 'ट्रिंकोमाली'. ब्रिटिश नौदलाच्या जहाजांपैकी अजून पाण्यावर तरंगणारं हे सगळ्यात जुनं. आणि बांधलं कुठे? आपल्या मुंबईत, १८१७ साली, वाडियांच्या देखरेखीखाली! लाकूड मलबारचं सागवान. नेपोलियनशी लढता लढता इंग्लंडमध्ये ओकचं लाकूड कमी पडायला लागलं, तेव्हा त्यांना आपला साग आठवला. सागाला तेल असतं, त्यामुळे तो सहज कुजत नाही आणि आत ठोकलेलं लोखंडही ओकमधल्यासारखं खात नाही. मेळघाटच्या सागाच्या तुळयांखाली वाढलेल्या आम्हाला हे वेगळं सांगायला नको.

मग मी या विषयात घुसलोच. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले. त्यानंतर पिढ्यान् पिढ्या या घराण्याने आणि त्यांच्या हाताखालच्या सुतारांनी जहाजं बांधली. १८१३ चं 'कॉर्नवॉलिस' हे चौऱ्याहत्तर तोफांचं जहाज त्यांचंच. पहिल्या अफू युद्धानंतर १८४२ मध्ये चीनला ज्या नानकिंगच्या तहावर सही करावी लागली, ती याच 'कॉर्नवॉलिस'वर. म्हणजे अभिमान वाटावा की खंत, हाही प्रश्नच. कसब आपलं, युद्ध त्यांचं.

पण मला खरं अडवलं ते पुढच्या गोष्टीने. त्या युद्धात यांगत्से नदीतून वर जाताना शिडाच्या मोठमोठ्या जहाजांना आगबोटींनी ओढत नेलं होतं. डोळ्यांसमोर आणा. जगातल्या उत्तम सुतारांनी बांधलेली, सत्तर सत्तर तोफांची जहाजं, आणि पुढे दोर बांधून ओढणारी धूर ओकणारी छोटी बोट. जहाजात खोट नव्हती हो. फक्त जोर कुठून येतो, ती जागा बदलली होती. वारा आणि शीड गेलं, बॉयलर आणि कोळसा आला.

मुंबईला हे कळलं नव्हतं असंही नाही. १८२९ मध्ये तिथेच 'ह्यू लिंडसे' नावाची आगबोट बांधली गेली. मार्च १८३० मध्ये ती निघाली आणि ३३ दिवसांत सुएझला पोचली. एडनपर्यंत कोळसा पुरावा म्हणून उतारूंच्या खोल्यांतसुद्धा कोळसा भरला होता, तरी एडन येईपर्यंत तो संपत आला! पुढे १८३९ मध्ये इंग्रजांनी एडनच ताब्यात घेतलं. कोळशाचा साठा ठेवायला जागा हवी, हे त्यातलं एक मोठं कारण. गंमत म्हणजे सुरुवातीला हा विलायती कोळसा आणून टाकायची ती शिडाचीच जहाजं.

आता 'ह्यू लिंडसे'चा सांगाडा मुंबईचा, पण इंजिन इंग्लंडचं. सगळी मेख इथे आहे. कारखाना कुठे काढायचा आणि पैसा कुठे घालायचा हे राज्यकर्ते ठरवत होते, हे खरंच. नुसतं "आपण मागे पडलो" म्हणणं अन्यायाचं होईल. वाडियांच्या घरातल्याच अर्देशीर खरशेटजींनी वाफेचं तंत्र शिकून घेतलं. १८४१ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले, हा मान मिळवणारे पहिले भारतीय. मुंबई गोदीच्या वाफेच्या कारखान्याचे ते मुख्य अभियंता होते आणि त्यांच्या हाताखाली गोरे कारागीर काम करत. पण एक माणूस शिकला म्हणजे देशात इंजिनाचा धंदा उभा राहत नाही.

आपल्या शकुंतलेचं बघा ना. अचलपूरच्या या गाडीचं वाफेचं इंजिन मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेलं, आणि आपल्या लोकांनी ते १९९४ पर्यंत चालवलं. सत्तर वर्षं जपायची अक्कल होती, पण घडवणं दुसऱ्याकडेच राहिलं.

आमच्या घरात हे एकदा होऊन गेलंय. बाबांच्या हातची बंडी पंचक्रोशीत नावाजलेली. तुंबा, आरे, पाट्या, सगळं घरचं. धाव चढवायच्या दिवशी आम्हा पोरांना सणच! मग लोखंडी आसाची टायरची बंडी आली. बाबांची चाकं काही वाईट झाली नव्हती, पण लोक ती मागेनासेच झाले. बाबा आजही म्हणतात, "आपल्या हातात कसर नव्हती." नव्हतीच. पण वेल्डिंग शिकायला आमच्यापैकी कोणी गेलं नाही. मी तर नोकरीलाच निघून आलो.

म्हणून माझं मत असं, की पुतण्याने मशीन घ्यावं. पण एका अटीवर. ते नुसतं चालवायला नाही, खोलायला शिकावं. नक्षीची चित्रं विकत आणू नये, आजोबांच्या दारांवरची नक्षी स्वतः त्यात उतरवावी. आणि शेजारच्या दोन पोरांना सोबत शिकवावं.

निघायच्या आदल्या रात्री बाबांना जहाजाचे फोटो दाखवले. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "दोनशे वर्सं पान्यात हाये म्हन्तं? फळ्याचा सांधा कसा केला असंन रे त्यायनं?" आतून पुतण्या आला, फोटो मोठा करून द्यायला. दोघं बोलले ते सांध्याबद्दलच. मशीनचा विषय कोणी काढला नाही.

असो. कर्जाचा निर्णय दिवाळीपर्यंत व्हायचाय. घरच्या मंडळींनी आपलं मत जरूर कळवावं, फक्त बाबांना परस्पर फोन करून चिथवू नये!